शास्त्रज्ञाची निबंधसूची कशी वाचायची: पीएच.डी.साठी गाईड शोधणाऱ्यांना

एम.एस्सी.चे निकाल लागले की मुलं यायला लागतात. कुणी नेरूळहून, कुणी कामोठ्याहून, कुणी ठाण्याहून ट्रान्स-हार्बरच्या गर्दीत उभं राहून. मोबाईलवर गूगल स्कॉलरची दोन पानं उघडलेली असतात आणि प्रश्न तयार असतो. मागच्या वर्षी ठाण्याच्या एका मुलीने तो असा विचारला, "ताई, या सरांचा एच-इंडेक्स ३१ आहे आणि या मॅडमचा १४. म्हणजे सरांकडेच अर्ज करायचा ना?"

मी नवी मुंबईत ग्रंथालयात काम करते. बायोमेडिकल संशोधकांच्या निबंधांच्या नोंदी ठेवणं हा गेली बारा वर्षं माझ्या कामाचा मोठा भाग आहे. तिला म्हटलं, "आत्ताच हो-नाही सांगत नाही. दोन संध्याकाळी काढ, दोघांच्या याद्या नीट वाचू." त्या दोन संध्याकाळी आम्ही जे केलं तेच इथे लिहिते आहे. क्रम मात्र मोडू नका. आधी हे निबंध नक्की कुणाचे ते ठरवा, मग त्यांत त्या माणसाने स्वतः काय केलं, कुणाबरोबर केलं ते बघा, आणि त्यानंतर सायटेशन मोजा, म्हणजे इतरांनी आपल्या निबंधांत त्या निबंधांचा किती वेळा उल्लेख केला ते. तिने विचारलेला एच-इंडेक्स त्यातूनच निघतो, तो पाचव्या पायरीत सांगते. बहुतेक जण शेवटून सुरुवात करतात आणि पहिला आकडा दिसला की तिथेच थांबतात.

तयारी

एक रिकामी एक्सेल शीट आणि इंटरनेट एवढं पुरतं. पबमेड (वैद्यकीय निबंधांची शोधयादी), गूगल स्कॉलर, ऑर्किड (संशोधकांचे ओळखक्रमांक), शोधगंगा (भारतातल्या पीएच.डी. प्रबंधांचा साठा) आणि आयसाइट (सायटेशन तपासायचं साधन) या पाचही जागा फुकट आहेत. स्कोपस आणि वेब ऑफ सायन्स या सायटेशनच्या मोठ्या नोंदवह्यांसाठी संस्थेची वर्गणी लागते. तुमच्या कॉलेजच्या ग्रंथपालांना विचारा, असेल तर तिथे बसून बघता येईल.

पूर्ण निबंध वाचण्याचं काय? १ जानेवारी २०२५ पासून केंद्र सरकारची 'वन नेशन वन सबस्क्रिप्शन' योजना सुरू झाली. तिच्यातून ३० प्रकाशकांची सुमारे १३ हजार जर्नलं सरकारी विद्यापीठं, कॉलेजं आणि संशोधन संस्थांना उघडी झाली. आपल्याकडची बरीच मेडिकल, डेंटल आणि बायोटेकची कॉलेजं खाजगी आहेत, त्यांतल्या मुलांना तिचा उपयोग होत नाही. त्यांनी आधी पबमेड सेंट्रल आणि युरोप पीएमसी हे खुले साठे बघावेत, तिथे बरेच निबंध पूर्ण वाचता येतात. तिथेही नसेल तर लेखकाला दोन ओळींचा ईमेल करावा. कुणीतरी आपलं काम वाचायला मागतंय याचा शास्त्रज्ञांना आनंदच होतो, हे मी पुष्कळदा पाहिलं आहे.

पहिली पायरी: निबंध नक्की कुणाचे?

या पायरीला सगळ्यात जास्त वेळ द्या. इथे चूक झाली की पुढचं सगळं गणित दुसऱ्याच माणसाचं होतं.

मी नवीन होते तेव्हा एका संशोधिकेची यादी करताना पबमेडमध्ये आडनाव आणि एक आद्याक्षर टाकलं आणि जे आलं ते उतरवून घेतलं. तिचं आडनाव पाटील. यादीत १९ निबंध दुसऱ्यांचे निघाले. काही एका दंतवैद्याचे होते, काही मातीच्या रसायनशास्त्रातले. हे लक्षात आलं ते समितीच्या बैठकीत आणि उत्तर द्यायला उभं राहावं लागलं तिला. तिची काही चूक नसताना तिच्या प्रामाणिकपणावर शंका घेतली गेली, ती गोष्ट मला अजून लागते. तेव्हापासून नावाची खात्री झाल्याशिवाय मी एकही ओळ शीटमध्ये टाकत नाही.

आपल्या मराठी नावांची अडचण तिहेरी आहे. पाटील, जोशी, कुलकर्णी, शिंदे ही आडनावं इतकी पसरलेली आहेत की एका आद्याक्षराने शोधलं तर हजारो नोंदी येतात. दुसरं, रोमन लिपीतलं स्पेलिंग. वाघ कुणी डब्ल्यूने लिहितं, कुणी व्हीने. चौधरी तर चार घरांत चार तऱ्हांनी लिहिलं जातं. तिसरी अडचण बायकांची. लग्नानंतर आडनाव बदलतं आणि मधलं नावही बदलतं, म्हणजे तिन्ही अक्षरांपैकी दोन जातात. एस. व्ही. पाटील यांची एस. आर. कुलकर्णी झाली की संगणकाच्या लेखी दोन माणसं होतात आणि लग्नाआधीचं काम कुणाच्याच नावावर राहत नाही.

कमल रणदिवे यांचं उदाहरण घ्या. १९१७ साली पुण्यात जन्मलेल्या कमल समर्थ लग्नानंतर रणदिवे झाल्या आणि निबंधांवर त्यांचं नाव के. जे. रणदिवे असं येतं. त्यातला 'जे' पतीच्या नावाचा, जयसिंग यांचा. हे ठाऊक नसलेला माणूस फक्त कमल नावाने शोधत बसला तर त्याच्या हाती काय लागणार? परळच्या इंडियन कॅन्सर रिसर्च सेंटरमध्ये त्यांनी उंदरांमधल्या स्तनाच्या कॅन्सरवर आणि सुपारी-तंबाखूच्या परिणामांवर प्रयोग केले. भारतात ऊतिसंवर्धनाची, म्हणजे शरीराबाहेर पेशी वाढवण्याची, प्रयोगशाळा उभी करणाऱ्यांतही त्या होत्या. १९७३ साली सुरू झालेल्या इंडियन वुमेन सायंटिस्ट्स असोसिएशनच्या त्या संस्थापक सदस्य होत्या. त्या संस्थेची इमारत आपल्या वाशीत आहे. येता-जाता ती दिसली तर हे आठवा.

संस्थांची नावंही बदलतात. परळची ती संस्था १९५२ सालची. पुढे ती कॅन्सर रिसर्च इन्स्टिट्यूट झाली आणि मग खारघरच्या सेक्टर २२ मध्ये ॲक्ट्रेक म्हणून आली. एकाच शास्त्रज्ञाच्या निबंधांवर तीन वेगळे पत्ते दिसू शकतात. शिवाय आजच्या निबंधांत टाटा मेमोरियल सेंटर आणि होमी भाभा नॅशनल इन्स्टिट्यूट ही नावंही त्याच पत्त्यात येतात. जुन्या नोंदींत गावाचं नावही 'न्यू बॉम्बे' असू शकतं, तेही शोधून बघा.

आता प्रत्यक्ष कृती. पबमेडच्या 'ॲडव्हान्स्ड' पानावर 'ऑथर' हा प्रकार निवडून आडनाव आणि दोन्ही आद्याक्षरं रोमनमध्ये टाका. मग 'अफिलिएशन' निवडून संस्थेचं नाव जोडा. दोन मर्यादा माहीत असू द्या. पबमेडमध्ये लेखकांची पूर्ण नावं २००२ पासूनच्या निबंधांना मिळतात, त्याआधी फक्त आद्याक्षरं. आणि सगळ्या लेखकांचे पत्ते साधारण २०१४ पासून नोंदले जातात. त्याआधी पत्ता असायचा तो पहिल्या लेखकाचा. म्हणून जुन्या शास्त्रज्ञांना पत्त्याने शोधू नका, निम्मं काम गळून जाईल. १९८४ ते १९९५ या काळातल्या नोंदींत तर पहिले दहाच लेखक घेतले जात. अकरावं नाव तिथे सापडलं नाही म्हणून तो माणूस खोटं बोलतोय असं समजू नका.

ऑर्किड क्रमांक असेल तर काम सोपं होतं. २०१२ साली सुरू झालेली ही १६ अंकी ओळख लग्न, बदली, संस्थेचं नामांतर, कशानेही बदलत नाही. फक्त ती पानं ज्याची त्याने भरायची असतात, त्यामुळे कुणाचं पान रिकामं असतं, कुणाचं चार वर्षांपूर्वीपर्यंतचं. गूगल स्कॉलरचं प्रोफाइल त्याहून जास्त तपासून घ्यावं लागतं. ते नवे निबंध आपोआप जोडतं आणि त्यात त्याच नावाच्या दुसऱ्याचे शिरतात. प्रोफाइल उघडलं की वर्षाप्रमाणे लावा आणि सगळ्यात जुन्या नोंदींपर्यंत खाली जा. १९९८ साली बी.एस्सी. झालेल्या माणसाच्या नावावर १९८७ चा निबंध दिसला तर कुठेतरी गफलत आहे.

दुसरी पायरी: शीट भरणे

खात्री झालेला प्रत्येक निबंध एका ओळीत. रकाने असे: वर्ष, शीर्षक, जर्नल, निबंधाचा प्रकार, एकूण लेखक, आपल्या माणसाचं स्थान, पहिला लेखक, शेवटचा लेखक, सहभागी संस्था, पैसा कुणाचा, डीओआय (निबंधाचा कायमचा क्रमांक). सायटेशनचा रकाना मुद्दाम रिकामा ठेवा.

प्रकार म्हणजे मूळ संशोधन, समीक्षालेख (आधीच्या कामाचा आढावा), एका रुग्णाची केस, क्लिनिकल ट्रायल (माणसांवर घेतलेली उपचाराची चाचणी) की संपादकाला पत्र. शंभर निबंधांत सत्तर केसेस असतील तर ते एका चांगल्या डॉक्टरचं काम असू शकतं, पण प्रयोगशाळेत पाच वर्षं काढायला निघालेल्या विद्यार्थ्याला त्याचा उपयोग वेगळा. ट्रायल असेल तर तिचा सीटीआरआय क्रमांक निबंधात शोधा. ट्रायलची ही भारतीय नोंदवही २००७ मध्ये सुरू झाली आणि १५ जून २००९ पासून नोंदणी सक्तीची झाली. आधी काय करणार म्हणून लिहिलं होतं आणि शेवटी काय छापलं, हे शेजारी ठेवून बघता येतं. नवोदितांनी एकदा तरी हा ताळा करून बघावा असं मी आग्रहाने सांगते.

प्रीप्रिंट (परीक्षणाआधीच खुला ठेवलेला मसुदा) आणि त्याचाच पुढे जर्नलात आलेला निबंध दोनदा मोजू नका.

'पबमेडमध्ये आहे' हे वाक्य तुम्ही फार ऐकाल. ते म्हणजे दर्जाचा शिक्का, असं मानून चालू नका. पबमेड ही शोधयादी आहे. तिच्यात मेडलाइन हा निवडक जर्नलांचा भाग येतो, आणि पबमेड सेंट्रलमध्ये पूर्ण मजकूर ठेवलेले इतर निबंधही येतात. जर्नलबद्दल शंका आली तर एनएलएम कॅटलॉगमध्ये, म्हणजे पबमेड चालवणाऱ्या अमेरिकी वैद्यकीय ग्रंथालयाच्या यादीत, ते सध्या मेडलाइनसाठी घेतलं जातं का ते दिसतं. यूजीसीची केअर ही मान्य जर्नलांची यादी २०२५ मध्ये बंद झाली, त्यामुळे 'केअरमध्ये होतं' या एका उत्तरावर आता थांबता येणार नाही.

मागे घेतलेले निबंधही तपासा. पबमेडमध्ये अशा निबंधावर ठळक सूचना असते. रिट्रॅक्शन वॉच या २०१० पासून चालणाऱ्या उपक्रमाची नोंदवही २०२३ पासून डीओआय देणाऱ्या क्रॉसरेफ या संस्थेमार्फत सगळ्यांना खुली आहे, तिथे नाव टाकून बघता येतं. नाव सापडलं की लगेच माणसावर फुली मारू नका, कारण वाचा. स्वतःची चूक लक्षात आल्यावर स्वतःहून निबंध मागे घेणाऱ्याबद्दल माझ्या मनात आदरच आहे. चित्रं फिरवून-उलटवून पुन्हा वापरलेली असतील तर मात्र तिकडे फिरकू नका.

तिसरी पायरी: नावांच्या रांगेत स्थान कुठे?

बायोमेडिकल क्षेत्रात रांगेला अर्थ असतो. पहिलं नाव बहुधा ज्याने हाताने प्रयोग केले आणि मसुदा लिहिला त्याचं, म्हणजे पुष्कळदा पीएच.डी.च्या विद्यार्थ्याचं किंवा पोस्टडॉकचं (पीएच.डी.नंतर तिथे काम करणाऱ्याचं). शेवटचं नाव ज्याची प्रयोगशाळा, ज्याची कल्पना आणि ज्याने पैसा आणला त्याचं. पत्रव्यवहाराचा लेखक वेगळा दाखवलेला असतो आणि बहुतेकदा तो शेवटचाच असतो. दोन नावांवर खूण करून 'समान योगदान' लिहिलेलं असेल तर दोघांनाही पहिलं माना. गणितात किंवा अर्थशास्त्रात नावं वर्णानुक्रमे येतात, म्हणून तिकडच्या माणसाचं मत इकडे लावू नका.

मधल्या नावांचं काय? हल्ली बऱ्याच जर्नलांत शेवटी 'ऑथर कॉन्ट्रिब्यूशन्स' असा परिच्छेद असतो. 'क्रेडिट' नावाच्या पद्धतीत १४ भूमिका ठरवल्या आहेत, त्यांत संकल्पना, प्रयोग, आकडेमोड, निधी, देखरेख वगैरे येतं. तो परिच्छेद वाचा. वैद्यकीय जर्नलांच्या संपादकांच्या आंतरराष्ट्रीय समितीने लेखक कुणाला म्हणायचं याच्या चार अटी घातल्या आहेत: कामात ठोस वाटा, लेखनात किंवा परीक्षणात सहभाग, अंतिम मसुद्याला संमती आणि सगळ्या कामाची जबाबदारी. चारही पुऱ्या व्हायला हव्यात. विभागप्रमुख म्हणून सवयीने घातलेलं नाव यात बसत नाही, आणि आपल्याकडे ही सवय अजून गेलेली नाही हे मी दुःखाने लिहिते.

रांग कधीकधी नसतेच. तोंडाच्या, गाल-हिरडीच्या कॅन्सरमधल्या जनुकीय बदलांवरचा निबंध २०१३ साली नेचर कम्युनिकेशन्समध्ये आला, त्यात लेखक म्हणून नाव आहे ते इंटरनॅशनल कॅन्सर जीनोम कन्सॉर्शियमच्या भारतीय गटाचं. पश्चिम बंगालमधल्या कल्याणीची एनआयबीएमजी ही जनुकशास्त्राची संस्था आणि खारघरचं ॲक्ट्रेक या दोन संस्थांचं ते काम. अशा वेळी माणसांची नावं निबंधाच्या शेवटी, गटाच्या यादीत शोधावी लागतात. याच्या उलट टोकाला जगभरातल्या रोगांचा भार मोजणाऱ्या ग्लोबल बर्डन ऑफ डिसीज या प्रकल्पाचे लॅन्सेट या जर्नलमधले निबंध. तिथे शेकडो, कधी हजाराहून जास्त लेखक असतात आणि सायटेशनचा पूर येतो. त्यातला प्रत्येक जण प्रामाणिकपणे लेखक असतो, पण असे चार-पाच निबंध एखाद्याच्या यादीत असले की त्याचे एकूण आकडे एकदम फुगतात. शीटमध्ये त्यांना वेगळा रंग द्या.

तुम्ही गाईड शोधत असाल तर या पायरीवरची सगळ्यात मोलाची गोष्ट अशी: शेवटचं नाव गाईडचं असलेले निबंध गाळून काढा आणि त्यांचे पहिले लेखक कोण ते लिहून ठेवा. मग शोधगंगेवर त्या गाईडच्या नावाने प्रबंध शोधा. प्रबंध कुणाचे, कोणत्या वर्षी सादर झाले ते तिथे कळतं. दोन्ही याद्या शेजारी ठेवल्या की दिसतं, प्रबंध लिहिलेल्या मुलांपैकी किती जणांचं नाव निबंधावर पहिलं आलं आणि किती जण कुठेच दिसत नाहीत. सहा-सहा वर्षं प्रयोगशाळेत घालवलेल्या मुलांची नावं निबंधांवर नसावीत, हे वाचताना मला आजही त्रास होतो. त्या मुलांना ईमेल करून विचारा. बरीच जण मोकळेपणाने उत्तर देतात.

चौथी पायरी: कुणाबरोबर?

शीटमधल्या गेल्या पाच वर्षांच्या निबंधांवरून सहलेखकांची यादी काढा आणि कोण किती वेळा आलं ते मोजा. तीनदा-चारदा परत आलेली नावं म्हणजे खरं सहकार्य. कॅन्सरच्या संशोधनात ते कसं चालतं ते समजून घ्या: एकीकडे रुग्णालय, तिथून संमती घेऊन गाठीचे नमुने येतात, दुसरीकडे पॅथॉलॉजिस्ट, नमुना नक्की कशाचा आहे ते सांगणारा, तिसरीकडे जनुकवाचनाची यंत्रं, चौथीकडे त्या डोंगराएवढ्या माहितीतून अर्थ काढणारे संगणकातले आणि संख्याशास्त्रातले लोक. यांतलं आपल्या गाईडकडे काय आहे आणि बाहेरून काय येतं हे कळलं की तुमचे पाच वर्षांतले अडथळे कुठे असतील तेही कळतं. नमुने दुसऱ्या गावाहून येत असतील तर थांबण्याची तयारी ठेवा.

नकाशा काढायची हौस असेल तर लायडन विद्यापीठाचं व्हीओएसव्ह्यूअर फुकट आहे. पबमेडमधून उतरवलेली यादी त्यात घातली की सहलेखकांचं जाळं दिसतं.

एक धोक्याची खूण सांगते. आज डोळ्यांवर, उद्या मातीच्या प्रदूषणावर, परवा बॅटरीवर, आणि दरवेळी वेगळ्या देशांतले वेगळे सहलेखक, असं एखाद्या यादीत दिसलं तर सावध व्हा. लेखकपणाची जागा विकत देणारे कारखाने आहेत. हिंदावी या प्रकाशनसंस्थेच्या जर्नलांतून २०२३ या एका वर्षात ८ हजारांहून जास्त निबंध मागे घेतले गेले. ज्यांच्या हाती आयुष्यभराचं काम आहे अशा प्रामाणिक माणसांची जागा ही यादी भरण्याची घाई खाते.

पाचवी पायरी: आता सायटेशन

आता तो रिकामा रकाना भरा. गूगल स्कॉलर, स्कोपस आणि पबमेडचं 'साइटेड बाय' तीन वेगळे आकडे देतील. स्कॉलरचा आकडा बहुधा सगळ्यात मोठा, कारण ते प्रबंध, प्रीप्रिंट, पुस्तकं सगळं मोजतं. कुठलाही घ्या, पण दोन माणसांची तुलना करताना दोघांसाठी एकच घ्या आणि शेजारी तारीख लिहा.

एच-इंडेक्स हॉर्हे हिर्श या भौतिकशास्त्रज्ञाने २००५ साली मांडला. निबंध सायटेशनच्या उतरत्या क्रमाने लावायचे. समजा आठ निबंध आहेत आणि सायटेशन अशी: ४१, २२, १५, ९, ६, ५, २, ०. पाचव्या निबंधाला ६ आहेत, म्हणजे किमान ५ सायटेशन असलेले ५ निबंध झाले. सहाव्याला मात्र ६ हव्या होत्या, आहेत ५. म्हणून एच-इंडेक्स ५. पहिल्या निबंधाला ४१ ऐवजी ४०० असत्या तरी उत्तर ५ च. गूगल स्कॉलरचा आय-१० म्हणजे दहा किंवा अधिक सायटेशन असलेले निबंध, इथे ३.

हा आकडा वयाबरोबर चढतो, खाली कधी येत नाही. लेखकाचं स्थान तो बघत नाही. क्षेत्रही बघत नाही, आणि कॅन्सरच्या जनुकशास्त्रात सायटेशन जितक्या भराभर मिळतात तितक्या दंतशास्त्रात मिळत नाहीत. समीक्षालेखांना आणि पद्धती सांगणाऱ्या निबंधांना सायटेशन जास्त पडतात. जगात सर्वाधिक उद्धृत झालेला निबंध आहे १९५१ सालचा, लोरी यांचा, प्रथिनाचं प्रमाण मोजण्याच्या पद्धतीवरचा. त्याला ३ लाखांहून जास्त सायटेशन आहेत. प्रयोगशाळेत रोज लागणारी गोष्ट नीट लिहून ठेवली की असं होतं.

क्षेत्राचा फरक काढून टाकायचा असेल तर अमेरिकेच्या एनआयएच या सरकारी आरोग्य-संशोधन संस्थेचं आयसाइट वापरा. पबमेड क्रमांक टाकले की प्रत्येक निबंधाचं सापेक्ष सायटेशन गुणोत्तर मिळतं. ते १ असेल तर त्या निबंधाला त्याच क्षेत्रातल्या, एनआयएचच्या पैशावर झालेल्या निबंधांपैकी मधोमधच्या (मीडियन) निबंधाइतकी दरवर्षी दखल मिळते आहे. निबंध ट्रायलमध्ये किंवा उपचारांच्या मार्गदर्शक सूचनांमध्ये उद्धृत झाला का, तेही तिथे दिसतं. नवोदितांना मी हेच साधन पहिलं शिकवते.

इम्पॅक्ट फॅक्टर हा माणसाचा आकडा नाही, जर्नलचा आहे. २०२४ चा इम्पॅक्ट फॅक्टर म्हणजे २०२२ आणि २०२३ मधल्या निबंधांना २०२४ मध्ये मिळालेल्या सायटेशन भागिले त्या दोन वर्षांतल्या निबंधांची संख्या. युजीन गारफील्ड यांच्या कामातून तो आला आणि ग्रंथालयांना जर्नलं निवडायला तो उपयोगी पडला, आम्हालाही पडतो. पण मोठ्या जर्नलातही बरेच निबंध दुर्लक्षित राहतात. माणसाची पारख त्याने करू नका, असं २०१२ च्या डिसेंबरात सॅन फ्रान्सिस्कोत जमलेल्या संशोधकांनी जाहीरपणे लिहिलं. तो 'डोरा' जाहीरनामा.

दरवर्षी 'जगातले अव्वल २ टक्के शास्त्रज्ञ' म्हणून वर्तमानपत्रांत बातम्या आणि कॉलेजच्या फाटकावर फलक लागतात. ती यादी स्टॅनफर्डच्या जॉन योआनिडिस यांच्या गटाची, स्कोपसच्या माहितीवरून केलेली. तिचे दोन भाग असतात, एक पूर्ण कारकिर्दीचा आणि एक फक्त त्या वर्षाचा. फलकावर कोणता ते लिहिलेलं नसतं, म्हणून मूळ तक्ता उतरवून बघा. त्यात स्वतःच स्वतःला दिलेल्या सायटेशन वगळून क्रमांक काय येतो तेही असतं.

आकड्याच्या बाहेरचं

टाटा मेमोरियलच्या अनिल डिक्रूझ आणि सहकाऱ्यांनी २०१५ साली न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये तोंडाच्या कॅन्सरवरची एक ट्रायल छापली. प्रश्न साधा होता: मानेतल्या गाठी दिसत नसल्या तरी त्या आधीच काढाव्यात, की दिसल्यावर? आधीच काढलेल्यांत तीन वर्षांनी ८० टक्के रुग्ण जिवंत होते, थांबलेल्यांत ६७.५ टक्के. सुरेंद्र शास्त्री यांच्या गटाने मुंबईच्या वस्त्यांमधल्या बायकांवर, प्रशिक्षित आरोग्यसेविकांकडून ॲसेटिक ॲसिड लावून गर्भाशयमुखाची तपासणी करून बघितली आणि त्या कॅन्सरने होणारे मृत्यू ३१ टक्क्यांनी कमी झाले. ज्या बाईचा जीव वाचला तिने कुणालाच उद्धृत केलेलं नाही. अशा कामाची खूण शोधायची तर उपचारांच्या सूचना, सरकारी कार्यक्रम आणि पाठ्यपुस्तकं चाळावी लागतात. शीटला एक शेवटचा रकाना जोडा, 'यामुळे काय बदललं', आणि जिथे सापडेल तिथे एक ओळ लिहा.

मग यादीतले दोन निबंध पूर्ण वाचा, एक सर्वाधिक सायटेशनवाला आणि एक गेल्या दोन वर्षांतला, विद्यार्थी पहिला लेखक असलेला.

त्या ठाण्याच्या मुलीच्या शीटमध्ये काय निघालं? सरांच्या ३१ मध्ये मोठ्या गटांच्या निबंधांचा वाटा बराच होता, कारकीर्द तीस वर्षांची, आणि अलीकडचे विद्यार्थ्यांचे निबंध प्रयोगशाळेतल्या एकाच उपगटातून येत होते. मॅडमची नऊ वर्षं झाली होती आणि प्रबंध पूर्ण केलेल्या तिन्ही मुलींचं नाव पहिलं होतं. तिला मॅडमकडे जायचं होतं, पण त्या वर्षी तिथे जागा नव्हती. ती सरांकडेच गेली आणि मुलाखतीत त्या उपगटाच्या एका निबंधावर प्रश्न विचारून तेच काम मागून घेतलं.

तुमची स्वतःची सूची

पहिला निबंध पाठवण्याआधी ऑर्किड काढा, पाच मिनिटं लागतात. नाव कसं छापायचं ते आजच ठरवा: मधलं आद्याक्षर घ्यायचं की नाही, स्पेलिंग कोणतं. मुलींना मी सांगते, घरात कोणतंही नाव लावा, निबंधावर एकच ठेवा. बदलायचंच असेल तर ऑर्किडच्या पानावर दोन्ही नावं लिहा, तशी सोय आहे. निबंध स्वीकारला गेला की प्रूफ, म्हणजे छपाईआधीची प्रत, येतं आणि ते तपासून परत पाठवायला बहुधा दोनच दिवस मिळतात. त्या दोन दिवसांत लोक तक्ते आणि आकृत्या बघतात. तुम्ही आधी वरची ओळ बघा: स्वतःच्या नावाचं स्पेलिंग, संस्थेचा पूर्ण पत्ता, ऑर्किडचे सोळा अंक. मग शेजारच्या सहलेखकांचीही नावं त्यांना विचारून तपासा, विशेषतः प्रयोगशाळेतल्या तंत्रज्ञाचं, कारण त्यांना प्रूफ कुणी पाठवत नाही.